दोन डाव्या बाह्या

आमच्या दुकानात एकट्याने कापड कापायचं नाही, असा वडिलांनी घालून दिलेला नियम आहे. कापणाऱ्याने कापड टेबलावर अंथरायचं, खडूने आखायचं आणि कात्री लावायच्या आधी मोठ्याने विचारायचं, "कापू?" मग दुसऱ्या कुणीतरी हातातलं काम ठेवून उठायचं, टेबलापाशी येऊन आखणी नीट बघायची आणि म्हणायचं, "काप." शिवण चुकली तर उसवता येते, कापड चुकलं तर ते परत येत नाही, म्हणून ही खबरदारी.

वडील होते तोवर हे कडक होतं. ते गेल्यावर दादा कापायला लागला. त्याचा हात इतका बसलेला, की त्याने "कापू?" म्हणायचं आणि आम्ही मानही वर न करता "काप" म्हणायचं, एवढंच उरलं. वहिनी अर्थात "कापा" म्हणायची, कारण नवऱ्याला अरे-तुरे करण्याइतकी ती धीट नव्हती. एकदा घरी कलिंगड पुढ्यात घेऊन दादाने सवयीने "कापू?" विचारलं आणि मी आतल्या खोलीतून न बघता "काप" म्हणून मोकळी झाले. नियमाचं असं कलिंगड झालं होतं.

दुकानात आम्ही तिघंच. तेव्हा दादा कापायचा, वहिनी मशीनवर शिवायची, मी काजं-बटणं आणि इस्त्री बघायचे. मी दादाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, त्यावर लोकांनी बरंच बोलून घेतलं आणि आता तेही थकले. माझं तोंड तिखट आहे असं सगळे म्हणतात. खोटं नाही. पण वहिनीबद्दल मला माया आहे, तीही खोटी नाही.

तर, हिवाळा तोंडावर आला होता आणि दुकानात कोटांची गर्दी होती. वहिनी तेव्हा दादाच्या हाताखाली कापायला शिकत होती. शर्ट तिला जमायला लागले होते. एका दुपारी तिच्यापुढे एका बँकेतल्या बाईंचं कोटाचं कापड आलं. त्यांच्या बहिणीने दूरवरून पाठवलेलं, मऊ आणि नेमकं कमी. दुहेरी घडीत ते पुरेना. वहिनीने डोकं लढवलं, घडी उलगडली, कापड एकेरी पसरलं आणि सगळे भाग असे काही बसवले की पुरलं. हुशारीच होती ती. फक्त एक राहिलं. दुहेरी कापडावर दोन बाह्या आपोआप उजवी-डावी अशा निघतात. एकेरी कापडावर एक बाही आखून झाली की कागदाचा नमुना पालथा घालावा लागतो. तो तिने घातला नाही.

तिने विचारलं, "कापू?" दादा एका गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेत होता. पाठ टेबलाकडे. "काप," तो म्हणाला. मी बटणांची पिशवी घेऊन त्याच वेळी दारातून आत येत होते, म्हणून हे सांगू शकते.

दोन डाव्या बाह्या निघाल्या. बँकेतल्या बाई तिथेच उभ्या होत्या, आणि दादा त्यांच्यासमोर ओरडला, "इतकी वर्षं दुकानात बसतेस, तुला उजवं-डावं कळत नाही?" मी म्हणाले, "दादा, काप तूच म्हणालास." तर मला म्हणाला, "तू मध्ये बोलू नकोस." मी बोललेच, पण आता ऐकायला कुणी नव्हतं. वहिनी कापड घडी करत होती. बाईंनी एक शब्द न बोलता घडी हातात घेतली आणि त्या गेल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून वहिनीने कात्री टाकली. टाकली म्हणजे पुरतीच टाकली. मशीनवरचा दोरा दाताने तोडायची. घरी दुधाची पिशवीसुद्धा दाताने फाडायची. "वहिनी, दात पडले तर कवळी दुकानातून मिळणार नाही हं," मी म्हणाले. एरवी ती अशा बोलण्यावर तोंडाला पदर लावून हसत सुटते. तेव्हा हसली नाही, आणि मला पहिल्यांदा काळजी वाटली.

मग दादा पडला. दुकानातली ट्यूब बदलायला स्टुलावर चढला आणि आला खाली. मी सांगत होते स्टूल डुगडुगतंय, पण दादाने कुणाचं ऐकायचं नाही असं ठरलेलंच आहे. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की हाड जुळेल, पण जाड कापड कापायची ताकद अंगठ्यात परत येईलच असं नाही.

आधी कापून ठेवलेले कपडे होते, ते वहिनीने शिवले, मी काजं-बटणं केली, गिऱ्हाइकं घेऊन गेली. मग टेबल रिकामं झालं. एक कापणारा ठेवून पाहिला. हात चांगला होता त्याचा, पण दोन रस्ते सोडून मोठ्या दुकानाने बोलावलं तसा तो न सांगता तिकडे गेला. शेजारच्या मोबाईलवाल्याला हे सगळं दिसत होतं. त्याला मधली भिंत पाडून आमचं दुकान हवं होतं. दिवसाआड येऊन तो दादाच्या हाताची चौकशी करायचा आणि बोलता बोलता भिंतीवर बोटांनी टकटक करून बघायचा.

"देऊन टाकू त्याला," दादा एके दिवशी म्हणाला. "कापणारा नाही तर दुकान काय बघत बसायचं?"

वहिनी मशीनवर होती. मशीन बंद, पण पाय पायडलवर तसेच.

"वहिनी कापेल," मी म्हणाले.

"नाही हो वन्सं," ती लगेच म्हणाली. "माझ्याच्याने नाही व्हायचं. परत कुणाचं कापड गेलं तर मी तोंड कुठे दाखवू?"

मी दादाकडे बघितलं. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं, की होईल, कर तू. तो रस्त्याकडे बघत बसला. मला इतका संताप आला की मी गार पडलेली इस्त्री उगीचच जोरात आपटली. वडिलांचं दुकान जायला निघालं होतं. ज्या बाईला ते वाचवता येत होतं तिला कात्रीची भीती, आणि ज्याने ती भीती घातली तो मूग गिळून बसलेला.

समजूत घालायला मी गेले की समोरच्याला आणखी राग येतो, हा अनुभव आहे. म्हणून मी काही बोलले नाही. माझ्या मदतीला आला तो माझा अंगठा. इस्त्री करताना चांगला भाजला. मुद्दाम नाही भाजून घेतला, मी इतकी थोर नाही. त्या पळालेल्या कापणाऱ्याने कापून ठेवलेल्या पोस्टमनच्या शर्टाची काजं शिवून तयार होती, फक्त मधून चिरायची राहिली होती. काजाची चीर म्हणजे छोट्या कात्रीचं काम. जरा इकडेतिकडे झालं की टाके तुटतात आणि सगळा शर्ट खराब. पोस्टमन संध्याकाळी येणार होता.

"वहिनी, एवढी काजं चिर."

"तुम्हीच सावकाश करा ना."

"अंगठा बघ माझा. टोमॅटो झालाय."

तिने अंगठा बघितला, शर्ट बघितला, दाराकडे बघितलं. मग छोटी कात्री उचलली. पहिल्या काजावर टोक टेकवलं आणि इतक्या बारीक आवाजात विचारलं, की मला ओठांवरूनच कळलं. "कापू?"

मी जागेवरूनच काप म्हणणार होते. सवय! पण शब्द तोंडात अडला. मी उठले, तिच्याजवळ गेले, वाकून बघितलं. टोक बरोबर मध्यावर होतं. "काप," मी म्हणाले. तिने चिरलं. मी परत जाऊन बसते न बसते तोच, "कापू?" पुन्हा उठले. प्रत्येक काजाला असं. शेवटच्या काजाला तर मी खाली टेकायच्याही आत तिने विचारलं आणि मी पोचायच्या आत तिची कात्री नेमक्या जागी होती. शर्ट हातात घेऊन तिने सगळी काजं एकेक करून बोट घालून तपासली.  त्या संध्याकाळी तिने मशीनवरचा दोरा कात्रीने तोडला. मी बघितलं न बघितलंसं केलं.

मग मला रस्ता सापडला. तिला अशी कामं द्यायची, ज्यात चुकून चुकून फार चुकणार नाही, पण काम खरं हवं. खोटं काम दिलं असतं तर तिने ओळखलं असतं. बावळट नाही ती. खिशांच्या आतली अस्तरं दिली. ती कुणाला दिसत नाहीत, पण कापावी तर लागतातच. मग कोपऱ्यावरच्या लॉजवाल्या बाईंच्या उशांचे अभ्रे आले. सरळ रेघ, सरळ कात्री. मग त्याच लॉजचे पडदे. पडदा लांब असतो, कात्री वाटेत हलली की कडेला लाट येते. पहिल्या पडद्याला आली. वहिनीने हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"ती दुमडीत जाईल," मी म्हणाले. "पुढे चल."

गेली दुमडीत. दुसऱ्या पडद्याला लाट आली नाही.

आणि प्रत्येक वेळी ती विचारायची आणि मी उठायचे. माझे गुडघे त्या दिवसांत काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. पण बसल्या जागेवरून मी एकदाही होकार दिला नाही. दादा आता दुकानात यायचा बंद होऊन घरीच बसला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. लॉजवाल्या बाईंनी रस्त्यात सांगितलं तेव्हा कळलं. "पडदेच ना," तो म्हणाला. मी म्हणाले, "तुझ्या हातून सध्या रुमालसुद्धा होत नाहीये." बोलून गेल्यावर वाईट वाटलं, कारण त्याचा चेहरा उतरला. पण खरं ते खरं.

पुढचं काम समोरच्या सलूनवाल्याचं. गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायची ती मोठी गोल चादर त्याला हवी होती. गोल कापायचं म्हणजे कापड चार पदरी दुमडायचं आणि एका कोपऱ्यातून माप धरून कमान कापायची. कमान चुकली की उलगडल्यावर बटाटा निघतो. वहिनीने आखलं, पुसलं, परत आखलं. विचारलं. मी दोरीने सगळीकडून मोजून बघितलं आणि म्हणाले, काप. कात्री एका दमात फिरली. तिने कापड उचलून झटकलं आणि ते टेबलावर पडलं ते गोल! कुठेही कोपरा नाही, बटाटा नाही. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. इतक्या महिन्यांनी ती अशी हसली, की मीही तिच्याबरोबर हसत सुटले. रस्त्यावरचे लोक थांबून आत बघायला लागले.

सलूनवाल्याचं तोंड त्याच्या कात्रीपेक्षा जास्त चालतं, हे आजवर मला दुर्गुण वाटत होतं. आता तो खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला सांगायचा, "हे बघा, काठ बघा काठ! समोरच्या बाईंनी कापलंय." डोकं त्याच्या हातात सापडलेला माणूस दुसरं काय करणार? ऐकायचा. त्यातलेच काही जण दाढी झाल्यावर रस्ता ओलांडून आमच्याकडे येऊ लागले. कुणाची पँट तोकडी करायची, कुणाला ॲप्रन हवा, मग एकाला अख्खी पँट, मग एकाला शर्ट. वहिनी दुहेरी घडी घालून कापायची, आणि उजवं-डावं बरोबर निघायचं. पहिला शर्ट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढला तेव्हा तो आरशात स्वतःला बघत होता आणि वहिनी त्याच्या खांद्यांना. "हात वर करा," ती त्याला म्हणाली. तिच्या आवाजात हुकूम होता. माझ्या वहिनीच्या आवाजात!

नुसतं कापण्यापुरतंच नव्हतं हे. दोऱ्याची रिळं आणून देणारा नेहमी फिक्या रंगाची रिळं आमच्या गळ्यात मारायचा. तिने ती परत केली. घरी दुधाची पिशवी कात्रीने कोपरा कापून उघडायला लागली. आणि मोबाईलवाला टेप घेऊन थेट भिंतच मोजायला आला त्या दिवशी मी तोंड उघडणार, इतक्यात ती म्हणाली, "भाऊ, टेप उलटा धरलाय तुम्ही. आणि मोजून काय करणार? दुकान चालू आहे आमचं." तो टेप गुंडाळून गेला. मी तिच्याकडे बघितलं तर तिची मान ताठ होती.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग मी घाई केली. सावकाशी माझ्या स्वभावात नाही, एवढे दिवस दम धरला हेच नवल. शहराच्या बँडपथकाचा म्होरक्या पँट न्यायला आला होता. तो मोठा कर्णा वाजवतो, त्यामुळे बोलतानाही गाल फुगवतो. पँट त्याला पसंत पडली. म्हणाला, "आमच्या सगळ्या पथकाचे कोट करायचेत. नव्या मोसमाला हवेत. कराल का?"

"करू की," मी म्हणाले. वहिनीचं तोंड उघडायच्याही आत.

दुसऱ्या दिवशी कापड आलं. गडद लाल, वर बारीक लव. लव सगळीकडून एकाच दिशेला, वरून खाली जायला हवी, नाहीतर एक बाही गडद दिसते नि दुसरी फिकी. आणि पन्हा लहान, म्हणजे कापड रुंदीला कमी. वहिनीने दुहेरी घडी घालून बघितली, बाह्या बसेनात. कापड एकेरी पसरण्यावाचून इलाज नव्हता. तिला ते माझ्या आधी कळलं.  तिने कात्री टेबलावर ठेवली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, त्यांना नाही म्हणून सांगा," आणि ती घरी निघून गेली.

मी एकटीच त्या लाल ढिगासमोर बसून राहिले. एकेक काजाने मी जे जमवलं होतं ते माझ्याच एका शब्दाने घालवलं, असं मला वाटलं. रडू येईल इतकं वाईट वाटलं. संध्याकाळी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तिला नाही झेपायचं ते. तुलाच कळायला हवं होतं." मी त्याच्याशी भांडले. आमचं भांडण वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होती, आणि भांडीसुद्धा वाजवत नव्हती.

सकाळी मी दुकान उघडायला गेले तर कुलूप काढलेलं. आत वहिनी. लाल कापडाचा एक तुकडा टेबलावर, त्यावर कॉलरचा नमुना.

"वन्सं, मी बाह्यांचं काही म्हणत नाहीये," ती म्हणाली. "आज नुसत्या कॉलरी कापते. उद्याचं उद्या बघू." आणि मग मोठ्याने, "कापू?"

मी पिशवीही खाली न ठेवता टेबलापाशी गेले. कॉलर लहान, पण लव तिलाही आहेच. बघितलं. बरोबर होती.

म्हणजे तिला आता मी लागत नव्हते. लहान काम कोणतं, त्यानंतरचं कोणतं, हे तिचं तिनेच लावलं होतं. कॉलरी झाल्यावर ती खिशांच्या झडपांकडे वळली. मग पाठी, मग पुढचे भाग. त्यांनाही उजवं-डावं असतंच, पण ते घडीत बसत होते. रोज संध्याकाळी कापलेले भाग ती नीट रचून ठेवायची, वर हात फिरवायची आणि मग घरी यायची. बाह्यांचं नाव आम्ही दोघी काढत नव्हतो. त्यांच्यासाठीचं कापड कोपऱ्यात वेगळं ठेवलं होतं आणि त्याच्या बाजूने जाताना मीसुद्धा जरा लांबून जायचे.

मधल्या काळात दादाचं प्लास्टर निघालं. दुकानात आल्या आल्या त्याने मोठी कात्री उचलली आणि एका चिंधीवर चालवून बघितली. अंगठा मिटेना. पुन्हा प्रयत्न केला. मग त्याने कात्री हळूच ठेवून दिली आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत जाऊन बसला.  माझा त्याच्यावरचा राग त्या क्षणी कुठे गेला कळलं नाही. लहानपणापासून त्या हाताकडे बघत मी मोठी झाले होते.

त्यानंतर तो रोज यायचा आणि खुर्चीत बसायचा. शिवण बघायचा, बटणं ओढून बघायचा. कापण्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता.

शेवटी बाह्याच तेवढ्या राहिल्या. वहिनीने एका सकाळी कोपऱ्यातलं कापड आणलं आणि एकेरी पसरलं. हाताने लव कुठे जाते ते बघितलं. नमुना ठेवला, पहिली बाही आखली, मला विचारलं. मी बघितलं आणि होकार दिला. ती कापली गेली. डावी बाही. ती उचलून तिने टेबलाच्या कडेला ठेवली. मग कागद उचलला, पालथा घातला. तिचे ओठ हलत होते. दुसरी बाही आखून झाली. कात्री घेतली.

"कापू?"

मी उठायच्या आत दादा उठला. टेबलापाशी येऊन वाकला आणि म्हणाला, "थांब. ही डावीच आहे. पुन्हा तेच झालं."

 मला आखणी दिसत नव्हती, मी इस्त्रीपाशी होते, त्यामुळे कोण बरोबर ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की तिने आता कात्री ठेवली तर ती पुन्हा कधी उचलणार नाही. मग कोट गेले, दुकान गेलं, आणि त्याहून मोठं काहीतरी गेलं. मला दादाच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

वहिनीने कात्री ठेवली नाही. उजव्या हातात तशीच धरून डाव्या हाताने तिने आधी कापलेली बाही उचलली, उलटी केली आणि आखणीवर ठेवली. कड कडेला लावली. खांद्याकडचा मुंढ्याचा गोल, कोपराचं वळण, मनगट, सगळीकडून बोट फिरवलं. घाई केली नाही. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, ती जाईपर्यंत ती बोट फिरवत होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"अगं, मी सांगतोय ना—"

"अहो, तुम्ही गिऱ्हाइकाच्या बाजूने बघताय. इकडे या."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. दादा रस्त्याकडच्या बाजूला उभा होता. इतक्या वर्षांत तो त्या बाजूने कधी टेबलाकडे वाकलाच नव्हता. तो कायम भिंतीकडे, आखणाऱ्याच्या जागेवर. तिकडून त्याला सगळं डोक्यावर उभं दिसत होतं, आणि त्यात त्याच्याही मनात त्या जुन्या बाह्या बसलेल्या. भीती काय एकट्या वहिनीलाच होती?

तो टेबलाला वळसा घालून आला. आपल्या नेहमीच्या जागेपाशी येऊन थांबला, कारण तिथे वहिनी उभी होती. एरवी तो आला की ती आपसूक बाजूला व्हायची, इतक्या वर्षांची सवय. आज ती हलली नाही. मुद्दाम नाही, तिला सुचलंच नाही. ती कामात होती. मग दादाच तिच्या खांद्यामागून वाकला आणि बघायला लागला. कॉलर नाही, पडदा नाही, वहिनीने आखलेली बाही तो पहिल्यांदाच नीट बघत होता. आणि वडील बघायचे तसा बघत होता, कडेने, मग मधून, मग लवेवर हात फिरवून. 

"काप," तो म्हणाला.

कात्री चालली. जाड कापडात ती करकर वाजत पुढे गेली, मध्ये कुठे अडली नाही. दादाने डाव्या हाताने कापडाची पलीकडची कड धरली होती. कात्री कोपराच्या वळणापाशी आली तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "त्या दिवशी मी वळून बघितलंच नव्हतं."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. मान वर न करता, वळणावरून कात्री फिरवत. "नीट धरा, कापड सरकतंय."